गुलाबाचा अर्क आणि काउंटर-करंट

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या मंडळी, कारण किस्सा संपेपर्यंत तुम्ही माझ्याकडे कोणत्या नजरेनं पाहू लागाल ते मला ठाऊक आहे. चहा मात्र ओतत राहा. स्वतःच्या लाजेची गोष्ट सांगताना घसा फार कोरडा पडतो.

मी इंग्रजीचा मास्तर. बी. ए. आहे. तुम्ही विचारलं नव्हतंत, पण तेव्हा मी न विचारताच सांगायचो. दारावरच्या पाटीवर नाव लहान आणि बी. ए. मोठं, असं रंगाऱ्याला मुद्दाम बजावून सांगितलं होतं.

वर्गात माझी एक पद्धत होती. फळ्यावर तीन रकाने आखायचे. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. पोरं पहिले दोन घडाघडा भरायची आणि तिसऱ्यात आपटायची. मग मी छडी टेबलावर वाजवून म्हणायचो, "गाढवांनो, अर्थ पोपटालाही पाठ होतो. उपयोगाला अक्कल लागते!"

हे वाक्य जपून ठेवा. पुढे ते माझ्याच टाळक्यात बसणार आहे.

आमचं बिऱ्हाड नाशकात तांबट आळीच्या तोंडाशी. दिवस उजाडला की हातोड्या सुरू. ठण् ठण् ठण्! नवा पाहुणा पहिल्या दिवशी कानात बोटं घालतो आणि आठव्या दिवशी त्या आवाजाशिवाय त्याला दाढी करता येत नाही. साऱ्या आळीची पत्रं, अर्ज, तारा माझ्याकडे. कुणाच्या घरी तार आली की माणसं पांढरीफटक होऊन माझ्या ओट्यावर उभी. "मास्तर, आधी एवढंच सांगा, वाईट हाय का बरी हाय?" मी चष्मा पुसायचो, तार उलटी-सुलटी करायचो, आणि मगच सांगायचो. हो, थोडा वेळ लावायचो! मान असा सहजी मिळत नाही.

तर एका चैत्रातल्या संध्याकाळी धोंडीबा तांबट आले. पन्नाशीचा माणूस, हात असे की घागर नुसती थोपटून गोल करतील. जन्मभर तांबं ठोकून ऐकू जरा कमी यायचं, म्हणून बोलायचे मात्र मोठ्यानं. धोंडीबांनी कानात गुपित सांगितलं तर ते पंचवटीपर्यंत पोचायचं.

"मास्तर, येवढा कागद वाचून द्या," ते गरजले. "माझ्या पोटाचा प्रश्न हाय."

आणि खरंच होता. अल्युमिनियमची हलकी भांडी बाजारात आली होती. हंडे-घागरी घेणारं गिऱ्हाईक आटलं होतं. धाकटा भाऊ हातोडी टाकून मुंबईला गिरणीत गेला होता. अशात नाशिकरोडच्या रस्त्यावर बंगला असलेल्या सोराबजीशेठनी धोंडीबांना बोलावलं. शेठना गुलाबाचा अर्क काढायचा नाद. फुलं आणि पाणी हंड्यात उकळायचं, वाफ नळीतून बाहेर काढायची, ती नळी गार करायची, की वाफेचा अर्क होऊन टपटप पडतो. जुन्या रीतीत नळी पाण्याच्या पिंपात बुडवत, पण पिंपातलं पाणी घटकेत तापायचं. शेठनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात नवी तऱ्हा वाचली आणि तेवढा मजकूर कागदावर उतरून धोंडीबांना दिला. चित्र द्यायचं राहिलं आणि शेठ आठवडाभर मुंबईला निघून गेले. जाताना म्हणाले, आल्यावर फुलं तयार असतील, हंडा तयार ठेव. जमलं तर असेच चार हंडे तुलाच. नाही जमलं तर मुंबईहून आणीन.

मी कागद हातात घेतला. चार ओळी. हंड्याचं माप, नळीचं माप, आणि शेवटी : गार पाणी 'काउंटर-करंट' पद्धतीनं सोडावं.

आता खरं सांगतो, हा शब्द मी त्याआधी कधी पाहिलेला नव्हता. पण धोंडीबांसमोर तसं म्हणणार कोण? मी आत गेलो, दार लोटलं आणि कोश उघडला. सापडला! विरुद्ध दिशेनं वाहणारा प्रवाह. एकदम सोपं! बाहेर येताना छाती दोन बोटं पुढे.

"धोंडीबा, हे असं आहे. हंड्याकडून नळीत वाफ येणार. बरोबर? आता त्याच नळीत दुसऱ्या टोकानं गार पाणी सोडायचं. विरुद्ध दिशेनं! मधोमध दोघांची गाठ पडेल. पाणी वाफेला गार करील. आणि गाठ पडते तिथं खाली एक तोटी ठेवा, की अर्क बाहेर!"

धोंडीबांनी कपाळाला आठ्या घातल्या. ओट्यावर बोटानं रेघ ओढली, पुसली, परत ओढली.

"मास्तर, आपल्या आळीत दोन टांगे समोरासमोर आले की काय होतं?"

"काय होतं?"

"दोन्ही अडतात. आन् मग टांगेवाले एकमेकांच्या आईबापावर जातात."

"टांग्याचं सोडा हो! हे शास्त्र आहे."

"तसं नव्हं. मला वाटतं, दोन नळ्या असतील. एकीच्या पोटात एक. हिच्यातनं वाफ जाईल, तिच्यातनं पाणी येईल. उलटंच, पण शेजारनं."

"कागदात एकच नळी लिहिली आहे."

"पण मास्तर, अर्क आन् टाकीतलं पाणी एकाच तोटीतनं म्हंजे..."

आणि इथे मी ते बोललो. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

"धोंडीबा," मी म्हणालो, "इंग्रजी तुम्हाला कळतं की मला?"

पन्नास वर्षांचा कारागीर माझ्यासारख्या तिशीतल्या पोरापुढे मान खाली घालून म्हणाला, "तुमालाच."

आतून आमची ही चूल फुंकता फुंकता म्हणाली, "अहो, ते काय म्हणताहेत ते एकदा ऐकून तरी घ्या."

"तू भाजी बघ!" मी म्हटलं.

भाजी खरंच करपली होती. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा हा, की मी तिथं थांबलो नाही. मी अर्ध्यावर थांबणारा माणूसच नव्हे. मी पांढराशुभ्र फुलस्केप कागद घेतला, त्यावर शुद्ध मराठीत सगळी रचना लिहिली. नळी एक, टोकं दोन, तोटी मधोमध. खाली सही ठोकली आणि सहीखाली काय लिहिलं असेल? बरोबर ओळखलंत. बी. ए.!

सात दिवस धोंडीबांची हातोडी वाजत होती. शाळेत जाता-येता मी दुकानापाशी थांबून मान डोलवायचो. हंडा मात्र काय सुरेख झाला होता! एक ठोका कुठे वाकडा नाही.

शेठ परतले, आणि हंड्याच्या परीक्षेच्या दिवशी मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण आपल्या भाषांतराचं यश आपण नको का पाहायला? रविवार होता. धुतलेला कोट, काळी टोपी, नवं उपरणं. टांग्यात एका बाजूला मी, एका बाजूला धोंडीबा, आणि मध्ये मांडीवर घेतल्यासारखा तो हंडा.

बंगल्यामागच्या शेडमध्ये सगळी मांडामांड झाली. पाच करंड्या भरून गावठी गुलाब. मोसमातला पहिला खुडा, सगळाच्या सगळा! तो हंड्यात गेला. झाकण कणीक लिंपून पक्कं बंद केलं. वर पाण्याची टाकी. माझा कागद शेठच्या माळ्यानं टाकीला चिकटवून ठेवला होता, म्हणजे काम करणाऱ्यांना बघून करता येईल. सोराबजीशेठ पांढऱ्या सुटात, शेठाणी खुर्चीवर, दोनचार शेजारीपाजारी. खाली जाळ. तोटीतून वाफेची पहिली लकेर आली आणि सगळी शेड गुलाबानं भरून गेली.

"वाह!" शेठ म्हणाले.

"मास्तर," धोंडीबा गरजले, "पाणी तुमच्या हातानं सोडा."

त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. मला मात्र तो मानच वाटला. मी पुढे झालो, उपरणं सावरलं आणि टाकीचा नळ उघडला.

पहिल्यांदा नळीच्या पोटात गुडगुडलं. मग गडगडलं. मग तोटीतून एकदम पिचकारी उडाली, आणि बंद झाली. मग पुन्हा गडगड. हंडा थरथरायला लागला. आमच्या आळीत बोळात टांगे अडतात ना, अगदी तसं वाफ आणि पाणी आत भांडत होतं, आणि आईबापावर जायची वेळ आली होती.

"नळ बंद करा!" धोंडीबा ओरडले.

मी गडबडीत नळ उलटा फिरवला. तो आणखी उघडला!

फट्!

कणीक सुटली, झाकण उडालं, आणि पाच करंड्या गुलाबांचा कोमट लगदा कारंज्यासारखा वर जाऊन खाली आला. माझ्यावर, शेठच्या पांढऱ्या सुटावर, शेठाणींच्या केसांवर. गार पाणी आत शिरलं होतं म्हणून कुणी भाजलं नाही, एवढी देवाची कृपा. होळी होऊन महिना झाला होता, पण आम्ही सगळे असे गुलाबी!

शेठनी डोळ्यांवरची पाकळी काढली.

"हे असं करायला कोणी सांगितला?" त्यांनी आपल्या पारशी मराठीत विचारलं.

मंडळी, मला चहा द्या. इथपर्यंत हसण्याजोगं होतं, पुढे नाही.

धोंडीबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी माझ्या जोड्यावर पडलेली एक पाकळी न्याहाळत होतो. फार बारकाईनं न्याहाळत होतो. जगात त्या पाकळीइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, अशा थाटात.

मग धोंडीबा म्हणाले, नेहमीच्या गरजत्या आवाजात, "माझ्याकडून चूक झाली शेठ. मला नीट समजलं नाय."

आणि मी काय केलं? गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं! मी मान डोलावली. वर म्हणालो, "होतं असं. इंग्रजी संज्ञा कारागिरांना जड जातात."

हो. हे मी म्हणालो. याच तोंडानं.

शेठनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग म्हणाले, "दुसरा खुडा चार दिवसांनी. धोंडीबा, तोवर नीट कर. नाही झाला, तर मी मुंबईला लिहितो."

परत येताना तोच टांगा, तोच हंडा मध्ये. मी वाट पाहत होतो की धोंडीबा आता बोलतील, मग बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर किती बरं वाटलं असतं! नाशिक जवळ आलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावरची एक पाकळी उचलून बाहेर टाकली आणि म्हणाले, "कोट लगेच भिजत घाला मास्तर. वाळला तर डाग राहतो."

घरात शिरलो तर ही म्हणते, "अगबाई, आज शाळेच्या मास्तरांना अत्तर कुणी लावलं?"

मी सगळं सांगितलं. आधी ती पदर तोंडाला लावून हसत होती. शेठाणींच्या केसांपर्यंत आलो तर तिला ठसका लागला. मग धोंडीबा काय म्हणाले ते सांगितलं, आणि तिचं हसू थांबलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी ते सांगितलं नाही. पण बायकोला न सांगितलेलंच आधी कळतं. तिनं पाट मांडला, पान वाढलं, आणि चार दिवस माझ्याशी 'जेवायला बसा' याच्यापलीकडे शब्द बोलली नाही.

शाळेत फळ्यावर तीन रकाने आखले, आणि तिसऱ्यावर खडू अडला. पोरांना म्हटलं, आज फक्त अर्थच लिहा. पोरं खूश.

तिसऱ्या दिवशी राहवेना. गेलो धोंडीबांच्या दुकानात. ते तीच नळी घेऊन बसले होते, आणि तिच्याभोवती दुसरी जाड नळी चढवत होते. मला पाहून त्यांनी पाट पुढे सरकवला, जसं काही झालंच नाही.

"हे बघा मास्तर. आतून वाफ अशी चालली. बाहेरच्या नळीतनं गार पाणी असं उलटं आलं. दोघं एकमेकांच्या अंगाला अंग लावून जातात, पण तोंडाला तोंड लावत नाहीत. पाणी जाता जाता वाफेची आग घेऊन जातं. विरुद्ध जायचं, पण शेजारनं."

"हे तुम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं?"

धोंडीबा हसले. "तुमच्या न्हाणीत. बंब कुणी केलाय तुमचा? मीच की! मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. दोन्ही एकाच नळीत सोडलं असतं तर मास्तर, इतकी वर्षं तुम्ही राखेनं अंघोळ केली असती."

मी सहा वर्षं रोज सकाळी त्या बंबाचं पाणी घेत होतो. चांगलं कढत, दोन बादल्या.

"मग त्या दिवशी जोर देऊन का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. तुमीच म्हणालात, इंग्रजी तुम्हाला कळतं की मला."

मी पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिलो. शेवटी विचारलं, "आणि शेठसमोर माझं नाव का नाही घेतलंत?"

धोंडीबांनी हातोडी खाली ठेवली. "आळीतली सगळी पत्रं तुम्ही लिहिता. मास्तराचं नाव गेलं तर तार घेऊन आमी कुणाच्या दारात उभं राहायचं? माझं काय, दुसरी नळी केली की नाव परत आलं."

शपथेवर सांगतो, त्यांनी ती हातोडी माझ्या डोक्यात घातली असती तरी इतकं लागलं नसतं.

चौथ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेलो. रात्रभर इंग्रजीत माफीचं भाषण पाठ केलं होतं. मराठीत माफी मागायला लाज वाटत होती ना! इंग्रजीत कसं, चूकसुद्धा जरा सुटाबुटात उभी राहते.

पुन्हा जाळ, पुन्हा गुलाब. पाणी या वेळी धोंडीबांनीच सोडलं. काही उडालं नाही, काही गुडगुडलं नाही. नळीच्या टोकाला एक थेंब जमला. पडला. मग दुसरा. मग स्वच्छ, संथ धार लागली. धोंडीबांनी नळीच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहिला. एक टोक गार, एक कढत. सोराबजीशेठनी बोट बुडवून वास घेतला आणि डोळे मिटले.

मी घसा साफ केला. "सर, आय हॅव टु..." पुढचं सगळं विसरलो. मग अगदी हळू आवाजात मराठीत म्हणालो, "शेठजी, त्या दिवशीची चूक धोंडीबांची नव्हती. माझी होती."

"काय म्हणालात मास्तर?" धोंडीबा हंड्यापलीकडून ओरडले. "जरा मोठ्यानं! मला ऐकू नाय आलं!"

"चूक माझी होती!"

"काय?"

"चूक! माझी! होती!"

माळी थांबला. शेठाणी बाहेर आल्या. पलीकडच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला. धोंडीबांना ऐकू आलं की नाही ते देव जाणे, पण सगळ्या नाशिकरोडला ऐकू गेलं.

शेठजी मराठीत सगळ्यांना अरेतुरेच करायचे. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला. फुलस्केप. गुलाबी डाग पडलेला. टाकीला चिकटवलेला माझा कागद!

"अरे मास्तर," ते म्हणाले, "हा तुझा सही. खाली बी. ए. पण आहे. एवढा मोठा लिहिला तू, की चष्म्याशिवाय वाचता आला! मला पहिल्याच दिवशी कळला. मी फक्त बघत होतो, तुला बोलायला किती दिवस लागतो."

चार दिवस लागले होते. अर्काला जेमतेम घटका.

"आणि धोंडीबा," शेठ पुढे म्हणाले, "बाकीचे चार हंडे तूच कर. नळी तर चांगली आहेच. पण दुसऱ्याचा चूक आपल्या डोक्यावर घेतो, असा माणूस मला मुंबईला कुठे भेटेल?"

धोंडीबांना हे मात्र पहिल्याच खेपेला ऐकू आलं.

नंतर मी दारावरची पाटी काढून नवी रंगवून घेतली. आता नुसतं नाव आहे. शब्दाचा अर्थ विचारायला कुणी आलं तर अर्थ सांगतो, आणि उपयोगासाठी आळीतल्या तिसऱ्या दुकानात, धोंडीबांकडे पाठवतो.

आणि आमची ही? ती पुन्हा बोलायला लागली, पण एका अटीवर. रोज सकाळी बंबात जाळ घातला की हाक मारते, "अहो, पाणी तापलंय. आधी गुरूला नमस्कार करा, मग अंघोळ!"

आता खोटं कशाला बोलू, एकदा बोललो तेवढं पुरे झालं. करतो नमस्कार.